पत्र्यानं पळवलेला बैल

नागपूरला जाऊन एकही संत्रं न खाता परत आलेला माणूस पाहायचा असेल, तर माझ्याकडे या. श्रावण संपता संपता तिकडची संत्री झाडावर हिरवी आणि दगडासारखी घट्ट असतात, हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. मंगळवेढ्याला आईनं तर अख्ख्या गल्लीला संत्री कबूल करून टाकली होती. मी परतलो तो पिशवीत पुरणपोळ्या आणि सदऱ्यावर बैलाच्या लाळेचे डाग घेऊन. गल्ली अजून माझ्यावर नाराज आहे. संत्री नाहीत तर नाहीत, निदान हकीकत तरी नीट सांगावी म्हणून लिहायला बसलो आहे.

आधी माझ्या कामाबद्दल. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे मी पुण्यात नेमकं काय करतो हे घरी समजावणं जड जातं. आईनं एकदा विचारलं, "रेडिओ दुरुस्त करतोस का रे?" मी म्हटलं, "नाही, रेडिओ कुठं आहे ते शोधतो." ती म्हणाली, "मग तो हरवतोच कशाला?" या प्रश्नाला आमच्या प्रयोगशाळेत आजही उत्तर नाही.

खरी गोष्ट अशी. रानातल्या जनावराच्या गळ्यात पट्टा बांधायचा. पट्ट्यात एक छोटं यंत्र असतं, ते बिनतारी टिक-टिक करत राहतं. आपल्याकडे दुसरं यंत्र. त्याच्यावर लाकडी चौकट, चौकटीला तांब्याची तार गुंडाळलेली. कानाला हेडफोन लावून चौकट हळूहळू फिरवायची. एका जागी टिक-टिक बंद पडते. चौकटीचं तोंड त्या वेळी जिकडे, तिकडे जनावर. नकाशावर तशी रेषा मारायची. तीन जागांवरून तीन रेषा मारल्या की त्या जिथं एकमेकींना छेदतात, तिथं जनावर सापडतं. पुस्तकात तरी सापडतं. प्रत्यक्षात मध्ये टेकड्या, झाडं, भिंती येतात. लहरी सरळ येऊ शकत नाहीत, कुठंतरी आपटून भलतीकडून येतात आणि आपण वाघाच्या ऐवजी देवळाकडे बोट दाखवतो. ही चूक कमी कशी करायची, यावर आमचे डॉ. केळुसकर सर कित्येक वर्षं डोकं खपवत होते आणि त्यांची पेटी मी उचलत होतो.

सरांचे माझ्यावर उपकार आहेत. मुलाखतीत त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता: "झाडावर चढता येतं का?" बाकीचे उमेदवार पुण्याचे होते. नोकरी मला मिळाली.

नागपूर

वन खात्यानं सरांना बोलावलं होतं. सातपुड्याच्या पायथ्याला तुमचं यंत्र चालतं का ते दाखवा, मग वाघाचं बघू, असा निरोप होता. वाघ तूर्त उपलब्ध नव्हता. तेव्हा नरखेडकडच्या एका गावात एखाद्या बैलाच्या गळ्यात पट्टा बांधून चाचणी करायची असं ठरलं. बैल आणि वाघ यांत पट्ट्याच्या दृष्टीनं फारसा फरक नाही, असं सरांचं मत होतं.

स्टेशनाबाहेर खात्याची जीप उभी होती आणि जीपला टेकून बंडूभाऊ ड्रायव्हर. नागपूरच्या बाजारपेठेत, इतवारीत जन्मलेला, वाढलेला, आणि इतवारीच्या बाहेरचं जग हे इतवारीला माल पुरवण्यासाठी आहे असं मानणारा. त्यानं आम्हाला आधी पोह्यांच्या गाडीवर नेलं. आमच्याकडे पोहे म्हणजे पाहुण्याला द्यायचा सौम्य पदार्थ. इथं पोह्यांवर लालभडक तर्री ओततात, वर हरभरे. पहिल्याच घासाला सरांचा चष्मा धुकटला.

"तिखट लागून राह्यलं काय जी?" बंडूभाऊनं विचारलं.

"नाही," सर म्हणाले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते कोकणातले. मालवणी माणूस तिखटाला शरण जात नाही.

"मंग अजून घ्या ना! लाजून काहून राह्यले?" आणि त्यानं स्वतःच्या हातानं आणखी एक पळी ओतली. नागपुरात "पुरे" हा शब्द ऐकूच जात नाही. मी तिथं असेपर्यंत तो बराच वापरून पाहिला.

पट्टा विकत घ्यायला इतवारीत गेलो. पोळा तोंडावर आलेला. गल्लीगल्लीतून झुली, घुंगरमाळा, रंगीत गोंडे, बैलाच्या कपाळाला बांधायच्या मठाट्या टांगलेल्या. हातगाड्यांच्या मधून वाट काढताना माणसाला आपोआप बैलासारखं खाली मुंडी घालून चालावं लागतं. आमच्या मंगळवेढ्याकडे बेंदूर असतो, पावसाळ्याच्या तोंडाला. तो उरकून आमचे बैल केव्हाच कामाला लागलेले असतात. इकडे आता कुठं सणाला सुरुवात. बैलांनी बदली मागावी असा प्रदेश आहे.

"किती जोड्या?" दुकानदारानं विचारलं.

"एकच पट्टा हवा," सर म्हणाले. "चामड्याचा. वाघानं ओढला तरी तुटणार नाही असा."

दुकानदारानं बंडूभाऊकडे पाहिलं. "काय गा, यंदा वाघाचा पोळा भरून राह्यला काय?"

"पुन्याचे सायब आहेत," बंडूभाऊ म्हणाला. जणू त्यात सगळं आलं.

दुकानदारानं पट्टा दिला आणि वर एक लाल गोंडा फुकट दिला. "लावा त्याले. वाघ झाला म्हनून काय झालं, सनाच्या दिवशी बरं दिसते." सरांनी तो गोंडा काढून टाकायला सांगितला होता. मी काढला नाही. फुकट मिळालेली वस्तू टाकायची सवय आमच्या घरात नाही.

गावात

गावाचं नाव लिहीत नाही. तसं मला तिथल्यांनीच बजावलं आहे, आणि का ते पुढे कळेल. एका बाजूला टेकडी, टेकडीपलीकडे नाला, नाल्याकाठी मोसंबीचे बगिचे. अलीकडे गाव. गावाच्या टोकाला, जिथं टेकडी उतरत येते तिथं उंचवट्यावर, संत्र्याची खोकी भरायचं एक भलंमोठं टिनाचं शेड. ऊन पडलं की ते दोन कोसांवरून चमकायचं. गावातली सगळ्यात आधुनिक वस्तू तीच.

आम्ही उतरलो गुलाबरावांकडे. पन्नाशीचे, कमी बोलणारे. बोलण्याचं खातं त्यांच्या बायकोकडे, कौसाबाईंकडे होतं. त्यांनी जेवायला बेसनाच्या वड्यांचा, पातोडीचा रस्सा वाढला आणि माझी चौकशी केली. मंगळवेढा कुठं, घरी कोण, लग्न काहून नाही झालं. मग विचारलं, "तुम्ही शिकले किती?"

मी सांगितलं.

"येवढं शिकून बैल शोधाले आले?"

"अजून हरवलेला नाही," मी म्हटलं.

हे वाक्य मी बोलायला नको होतं.

बैलाचं नाव हिऱ्या. पांढराशुभ्र, उंच शिंगांचा. त्याचा जोडीदार बाशिंग्या मात्र त्या गोठ्यात नव्हता. तो होता धाकट्या भावाकडे, नामदेवरावांकडे. दोन वर्षांपूर्वी भावाभावांत वाटणी झाली. शेत वाटलं, घरात भिंत आली, आणि बैलजोडीवर अडलं. कोणीच सोडायला तयार नाही, तेव्हा पंचांनी एक बैल याला, एक बैल त्याला देऊन टाकला. त्या दिवसापासून भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते आणि पोळ्यात दोघांपैकी कोणी उभं राहत नव्हतं, कारण पोळ्याच्या तोरणाखाली जोडी लागते, एकटा बैल चालत नाही. भाड्याचा जोडीदार आणून उभं राहणं दोघांनाही कमीपणाचं वाटे. कौसाबाईंनी दोन वर्षं खटपट करून यंदा दोघांना कबूल केलं होतं: पोळ्याला हिऱ्या आणि बाशिंग्या एकत्र उभे राहतील. एक कासरा मोठ्याच्या हाती, दुसरा धाकट्याच्या.

"बैलाच्या निमित्तानं बोलतील," त्या मला म्हणाल्या. "मानसाच्या निमित्तानं त बोलून नाही राह्यले."

ते चमकणारं शेड नामदेवरावांचं.

त्या दुपारी आम्ही हिऱ्याला पट्टा बांधला. पट्ट्यातून वीतभर तार बाहेर येत होती, तिच्या टोकाशी एक वेटोळं मुडपून ठेवलेलं. हिऱ्यानं लाल गोंडा पाहिला आणि खूश झाल्यासारखी मान हलवली. मी हेडफोन लावला तर कान फुटायची वेळ. जनावर जवळ असलं की टिक-टिक अशी ठणठणते. हे मी मनात ठेवलं, तुम्हीही ठेवा.

मग चाचणी. हिऱ्या समोरच्या शेतात उघड्यावर चरतोय, आम्ही गावाच्या तीन कोपऱ्यांतून रेषा मारल्या. तीन रेषांचा मोठा त्रिकोण झाला. त्या त्रिकोणात शाळा, मारुतीचं देऊळ, एक विहीर आणि गावातली निम्मी वस्ती बसली. हिऱ्या मात्र त्रिकोणाबाहेर होता.

"तुमच्या नकाशात बैल दिसते काय जी?" बंडूभाऊनं विचारलं.

"विहिरीत नाही एवढं नक्की," मी म्हटलं.

सर रागावले नाहीत. सर आशावादी आहेत. "दत्तात्रय," ते म्हणाले, "एक दिवस या तीन रेषा एका बिंदूत मिळतील. त्या दिवशी मी पेढे वाटीन."

खांदशेकणी

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाला सुट्टी. नदीवर नेऊन धुतात, संध्याकाळी खांद्याला तूप-हळद लावून पळसाच्या पानांनी शेकतात. वर्षभर जू वाहणारा खांदा, त्याला एक दिवस मालिश. शेवटी बैलाच्या कानाशी वाकून आमंत्रण देतात. कौसाबाईंनी हिऱ्याच्या कानात सांगितलं, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये." मी आजवर इतकं व्यवस्थित आमंत्रण मिळालेला बैल पाहिला नव्हता. आमच्याकडे जावयालाही असं बोलावत नाहीत.

भिंतीपलीकडून नामदेवरावांचा आवाज आला. तेही बाशिंग्याला तेच सांगत होते. गुलाबराव ऐकत होते, हे कळत होतं, कारण हातातली तुपाची वाटी तशीच राहिली होती.

पोळा

सकाळी उठलो तो कौसाबाईंच्या आवाजानं. खुंटीशी तुटलेला दोर, हिऱ्या नाही.

घराघरात पुरण शिजायला लागलं होतं. संध्याकाळी पोळा भरायचा. सगळा गाव शोधायला निघाला आणि पहिल्यांदाच आमच्याकडे आदरानं पाहिलं गेलं, कारण पट्टा हिऱ्याच्या गळ्यात होता. सरांनी टोपी घातली. हीच ती घटका, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

पहिली रेषा देवळापाशी. दुसरी शाळेपाशी. तिसरी गुलाबरावांच्या दारातून. टिक-टिक बारीक होती पण येत होती. मी नकाशावर पट्टी ठेवली आणि तिन्ही रेषा मारल्या.

तिन्ही एका बिंदूत मिळाल्या. त्रिकोण नाही, काही नाही. सुईच्या टोकाएवढा एक ठिपका.

सरांनी टोपी काढली. "दत्तात्रय! मिळाल्या!"

"कोठी मिळाल्या?" गुलाबरावांनी विचारलं.

मी नकाशावर बोट ठेवलं. बोट होतं नामदेवरावांच्या शेडवर.

बोट उचलायला मला जरा उशीर झाला. तेवढ्यात अख्ख्या गावानं ते पाहिलं होतं.

गुलाबराव शेडकडे चालू लागले. मागे गाव, गावामागे आम्ही, आमच्यामागे पेढ्यांचा विचार करणारे सर. नामदेवराव शेडच्या दारातच बाशिंग्याची शिंगं रंगवत बसले होते. हातात रंगाचा कुंचला, एक शिंग हिरवं, एक अजून कोरं.

"नाम्या, बैल काढ," गुलाबराव म्हणाले. दोन वर्षांत भावाशी बोललेला पहिला शब्द.

"कोनता बैल?"

"मशिनीनं सांगतलं. तुह्या शेडात आहे."

नामदेवरावांनी दार सताड उघडलं. आत रिकामी खोकी, गवताच्या पेंढ्या आणि एक मांजर. हिऱ्या नाही.

"रातीच हलवला असन," गर्दीतून कोणीतरी म्हणालं.

"हाव, हलवला!" नामदेवराव भडकले. "बैल हलवला आन् टिक-टिक अठीच ठेवली! अरे, माह्या शेडात बैल नाही, मानूस नाही, नुसता पत्रा आहे पत्रा! पत्र्यानं चोरी केली काय?"

गुलाबराव म्हणाले, "तुले जोडी करायचीच नव्हती त तसं सांगाचं होतं."

नामदेवरावांनी कुंचला रंगाच्या डब्यात टाकला. "मंग नाही करत. एकच शिंग रंगवलेला बैल घरीच राहीन." आणि ते पाठ फिरवून बसले.

गाव पांगलं. मी शेडसमोर पेटीवर बसून राहिलो. इतकी वर्षं शिकलो, सरांच्या कृपेनं नोकरी लागली, आणि पहिल्याच मोठ्या कामात मी सणाच्या दिवशी एका घराची दुसऱ्यांदा वाटणी केली होती. कौसाबाई जवळ आल्या. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"आवतन देल्लं, पुरन शिजून राह्यलं, आन् पाहुनाच नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या डब्ब्यानं भाऊजीले चोर केलं. आता तुमच्या डब्ब्यानंच सांगतलं पाह्यजे. माह्यं कोन ऐकते!" आणि त्या घराच्या मागच्या अंगाला बैलाला हाका मारत निघून गेल्या.

मी पुन्हा हेडफोन लावला. टिक-टिक देवळापाशी होती त्याहून जरा मोठी, पण जराशीच. हिऱ्या या दाराच्या आसपास असता तर कान फुटले असते. दुसरं म्हणजे चौकट फिरवल्यावर जो आवाज बंद पडायला हवा, तो धड बंद पडतच नव्हता. नुसता मंदावायचा, जाड धुकं आल्यासारखा. आठवलं तर सकाळपासून तिन्ही जागी तसंच होतं. पण रेषा इतक्या सुरेख मिळाल्या की कोणी लक्षच दिलं नाही.

एवढ्यात कौसाबाईंची हाक ऐकू आली, "हिऱ्याऽऽ!" मी चटकन शेडकडे वळून पाहिलं. बंडूभाऊनंही शेडकडेच पाहिलं. पण कौसाबाई शेडमध्ये नव्हत्या. त्या आमच्या पाठीमागे, घरापलीकडे होत्या. मधल्या घरांमुळे त्यांचा आवाज सरळ येत नव्हता, तो टिनावर आपटून येत होता.

आमच्या मंगळवेढ्याच्या घरासमोर तेलघाण्याची उंच भिंत होती. आई मागच्या बोळातून हाक मारी, ती त्या भिंतीवरून येई. मग आम्ही पोरं उलट्या दिशेला धावायचो आणि उशिरा आलो म्हणून मार खायचो. सगळ्यांना एकाच भिंतीवरून आवाज यायचा, सगळे एकाच ठिकाणी चुकायचो, आणि सगळ्यांचं एकमत असायचं. एकमत असलं तरी मार चुकत नसे.

मी सरांकडे धावलो. "सर, तिन्ही जागा टेकडीच्या एकाच बाजूला आहेत. हिऱ्या टेकडीपलीकडे असेल तर आपल्यापर्यंत सरळ काही येतच नाही. शेड तेवढं टोकाला आहे, त्याला पलीकडचं दिसतं. ते आरशासारखं आपल्याकडे फेकतंय. आपण बैलाची नाही, पत्र्याची जागा शोधली."

सरांनी नकाशाकडे पाहिलं, जसं आपण नुकत्याच जन्मलेल्या बाळाकडे पाहतो. "पण इतक्या सुंदर मिळाल्यात रे."

"म्हणूनच, सर. आजवर कधी मिळाल्या होत्या?"

"तीन रेषा एका बिंदूत मिळाल्यावर चौथीची गरज काय?" ते म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

सरांच्या शब्दाबाहेर मी कधी गेलो नव्हतो. त्या दिवशी गेलो, आणि तेही एका बैलासाठी. चौकट खांद्यावर घेतली. बॅटरीची पेटी जड, एकट्याला टेकडी चढून नेण्यासारखी नव्हती. नामदेवराव उठले, हात रंगानं हिरवे, आणि पेटी डोक्यावर घेतली. थोडं वर गेल्यावर म्हणाले, "तठी नाही सापडला त तुमची मशीन याच टेकडीवरून खाली सोडतो. सांगून ठेवतो."

"मीही सोबत येईन," मी म्हटलं.

माथ्यावर वारा होता. चौकट फिरवली. टिक-टिक मोठी, स्वच्छ, आणि एका जागी एकदम तुटली, जणू कोणी सुरीनं कापली. किंचित डावीकडे, आवाज. किंचित उजवीकडे, आवाज. मधोमध चिडीचूप. सरळ आलेल्या लहरीचं लक्षण हेच. जिचा आवाज असा धारदार तुटतो ती दिशा खरी, जिचा नुसता मंदावतो ती कुठंतरी आपटून आलेली. पेटी घेऊन माथ्याच्या दुसऱ्या टोकाला गेलो. तिथंही तसाच काप. दोन्ही रेषा खाली नाल्याकडे, मोसंबीच्या बगिच्याकडे जात होत्या.

उतरायला लागलो तर मागून दगड घसरल्याचा आवाज आला. गुलाबराव चढून येत होते. आम्ही थांबलो नाही, त्यांनीही हाक मारली नाही. तिघे असे एका ओळीत, अनोळखी माणसांसारखे उतरलो.

हिऱ्या बगिच्याच्या काटेरी तारेच्या कुंपणाशी उभा होता. मान कुंपणाला जखडलेली. आमच्या पट्ट्यातून बाहेर आलेल्या तारेचं ते मुडपलेलं वेटोळं कुंपणात असं अडकलं होतं की वाघानं ओढलं तरी तुटलं नसतं, अगदी सर म्हणाले तसं. मान पोहोचेल तिथपर्यंतचं गवत त्यानं साफ केलं होतं आणि आता तो गोंडा चघळत होता. मी सोडवायला पुढे झालो, तेव्हा त्यानं सगळी लाळ माझ्या सदऱ्याला पुसली.

तार सोडवायला शिंगं कोणीतरी धरायला हवी होती. नामदेवरावांनी धरली. गुलाबराव वाकून तार उलगडू लागले.

"नीट धर."

"धरूनच राह्यलो ना गा, दादा."

"वर घे जरा."

"घेतलं."

मी बाजूला उभा होतो. आमच्याच पट्ट्यानं अडकवलेला बैल आमच्याच पट्ट्यानं सापडला होता. पट्टा नसता तर हिऱ्या पहाटे चार घास खाऊन स्वतःच घरी आला असता. हे मी त्या दोघांना सांगणार होतो. पण त्यांना ते माझ्या आधीच कळलं होतं, कारण दोघांनी एकदमच माझ्याकडे पाहिलं.

तार सुटली. गुलाबरावांनी हिऱ्याच्या मानेवरून हात फिरवला आणि कोणाकडे न पाहता म्हणाले, "पत्र्यानंच केली म्हना चोरी."

"मंग पत्र्याले आना पोळ्यात," नामदेवराव म्हणाले. "बैल काहून नेता?"

गुलाबराव हसले. मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं, आणि धाकट्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की त्यालाही बऱ्याच दिवसांनी पाहायला मिळालं.

बाशिंग्याचं दुसरं शिंग घाईत रंगवलं गेलं. ते गुलाबरावांनी रंगवलं. त्यामुळे एक हिरवं आणि एक निळं झालं. संध्याकाळी तोरणाखाली गावभरच्या जोड्या उभ्या राहिल्या. हिऱ्या-बाशिंग्या मधोमध, एक कासरा मोठ्याच्या हाती, एक धाकट्याच्या. तिकडे पोळ्यात झडत्या म्हणतात, म्हणजे जोडीवाले एकमेकांना चिमटे काढत गाणी रचून म्हणतात. यंदा सगळ्या चिमट्यांचा धनी मी होतो. बंडूभाऊनं जागच्या जागी एक रचली:

"पुन्याहून आला डब्बा, टिक टिक बोलला,
सोडला बैल नाल्यात, पत्र्याले चोर केला!"

आणि सगळ्या गावानं "हर हर महादेव" असं ओरडून त्याला पाठिंबा दिला. सरांनीही ओरडून घेतलं. तोरण तुटलं, जोड्या घरोघर निघाल्या. कौसाबाईंनी दारात हिऱ्याचे पाय धुतले, ताट पुढे केलं आणि म्हणाल्या, "उशीर केला पाहुन्यानं." हिऱ्यानं पुरणपोळी एका घासात संपवली. मी नंतर विचारलं, इतक्या पोळ्या खाऊन बैलाला त्रास होत नाही का? त्या म्हणाल्या, "तुमाले झाला काय?" मलाही तोवर पाच वाढल्या होत्या. "पुरे" तिथंही चालत नाही.

निघताना

दुसऱ्या दिवशी पहाटे आरडाओरड्यानं जाग आली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिकडे वर्षाची सगळी पीडा मारबत नावाच्या बाईच्या माथी मारून गावाबाहेर हाकलतात. दाराशी ठेवलेल्या पळसाच्या फांद्या घेऊन लोक वेशीकडे धावतात आणि ओरडतात, "खोकला, खरूज, ढेकूण, माश्या घेऊन जा गे मारबत!" नामदेवराव आमच्या खिडकीशी थांबले आणि मुद्दाम खड्या आवाजात म्हणाले, "पुन्याच्या खोट्या रेघा घेऊन जा गे मारबत!" मी अंथरुणातून उठून त्यांच्याबरोबर ओरडलो. मागून सरांचाही आवाज आला.

जीपमध्ये बसल्यावर सरांनी विचारलं, "आपण नवीन नियम कसा लिहायचा, दत्तात्रय?"

मी म्हटलं, "एकाच बाजूनं घेतलेल्या रेषा कितीही छान मिळाल्या तरी विश्वास ठेवायचा नाही. टेकडीच्या दुसऱ्या बाजूनं एक तरी घ्यायची. आणि ज्या जागी आवाज धारदार तुटत नाही, ती रेषा खोडायची."

"आणि पट्टा?"

"तार आत शिवायची, सर."

"पण मजबूत निघाला," सर समाधानानं म्हणाले.

जीप शेडजवळ आली, तेवढ्यात हाक ऐकू आली, "ओ सायब! थांबा जी!" टिनातून आल्यासारखी, अगदी समोरून. बंडूभाऊनं ब्रेक मारला आणि शेडकडे पाहिलं. सरांनीही शेडकडे पाहिलं. मी मात्र मागे वळलो.

कौसाबाई रस्त्यावरून पळत येत होत्या. एका हातात पोळ्यांचं गाठोडं, दुसऱ्या हातात आमचा पट्टा, चघळलेल्या गोंड्यासकट. तो आम्ही विसरून निघालो होतो.

"घ्या तुमचं," त्या धापा टाकत म्हणाल्या. "आन् आता वाघाच्याच गळ्यात बांधा. वाघाले भाऊ नसते."